संतोषच्या दादीचा पेपर

रूथ, तू मला आयुष्यात एक तरी सरळ काम सांगितलंस का गं? तुला मातीत ठेवून आज पंधरा दिवस झाले आणि मी अजून तुझीच कामं करत फिरते आहे. काल पानिपतला जाऊन आले. तू दिलेला तो घडी घातलेला कागद घेऊन. परत आल्यापासून घास घशाखाली उतरत नाही, म्हणून सकाळीच लिहायला बसले. तू असतीस तर फोनवर भांडले असते. आता कागदावर भांडते.

तुझ्या प्रार्थनासभेत लोक काय काय बोलत होते! पाद्रीसाहेब म्हणाले, "बहुत शांत स्वभाव की थीं." ज्या शाळेची लायब्ररी तू तीस वर्षं सांभाळलीस, तिथल्या बाई म्हणाल्या, रूथ मॅडमचा कधी कुणाशी वाद झाला नाही. मी मागच्या बाकावर बसून ओठ चावत होते. शांत? तू? एकाच गोष्टीवरून तू माझ्याशी चाळीस वर्षं भांडलीस. आवाज चढवला नाहीस, एवढंच. नंतर तुझ्या लेकीला सहज विचारलं, आई कधी पानिपतचं काही बोलली होती का? तर ती म्हणाली, "नाही मावशी, कौनसा पानिपत?" म्हणजे पोटच्या पोरीलाही तू काही सांगितलं नव्हतंस. आता या जगात ते माहीत असलेली मी एकटीच उरले, असं त्या हॉलमध्ये वाटलं आणि मग मात्र मला रडू आवरेना. लोकांना वाटलं, केवढी ही मैत्री. मैत्री होतीच. पण रडू भीतीचंही होतं.

ज्या वर्षी दिल्लीत एशियाड झालं, त्या वर्षी आपण अकरावीत होतो. वर्गात मराठी दोघीच. दोघींचे वडील केंद्र सरकारात, दोघींची घरं एकाच सरकारी कॉलनीत. तुम्ही नगरकडचे ख्रिस्ती, आम्ही पुण्याचे. तुमच्याकडे नाताळात करंज्या, आमच्याकडे दिवाळीत, आणि करंज्यांत खोबरं कुणाच्या जास्त यावरून दोन्ही आयांचं गोड भांडण. शाळेनं त्या वर्षी अकरावीला दर शनिवारी समाजसेवा सक्तीची केली होती. एक छापील डायरी मिळायची. किती तास काम केलं ते त्यात लिहायचं आणि तिथल्या बाईंची सही आणायची. झाडं लावायची, वस्तीत अक्षरं शिकवायची किंवा अंध मुलींच्या होस्टेलवर जाऊन पुस्तकं वाचून दाखवायची, यातलं काहीतरी निवडायचं होतं. मी होस्टेल निवडलं, कारण तिथं सावलीत बसायला मिळणार होतं आणि कोपऱ्यावर कचोरीवाला होता. तू निवडलंस, कारण तुझ्या पपांचे डोळे अधू होते आणि रोजचा पेपर तूच त्यांना वाचून दाखवायचीस. तुला ते काम येत होतं.

तिथल्या बाईंनी आपल्याला सांगितलं, बारावीच्या संतोषला इतिहास वाचून दाखवायचा. पुढच्या शनिवारी मी नवा कुडता घालून, केसांना क्लिपा लावून आले. आणि व्हरांड्यात बसली होती एक उंच, हाडापेराची, दोन वेण्यांची मुलगी. हरियाणात संतोष हे मुलीचं नाव असतं आणि मुलींच्या होस्टेलवर मुलगा कुठून येणार, एवढाही विचार मी केला नव्हता. तू आधी माझ्या क्लिपांकडे बघितलंस, मग संतोषकडे, आणि तुला जे हसू फुटलं ते थांबेचना. संतोषनं विचारलं, "ये हँस क्यूँ रही है?" तू तिला खरंखरं सांगून टाकलंस. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. संतोष म्हणाली, "चलो, मुझे देखने कोई तो सज के आया." तिथून आपण तिघी झालो.

संतोष पानिपतची. वडील हातमागावर चादरी विणायचे. ब्रेलमधली पुस्तकं अपुरी, त्यामुळे तिचा सगळा अभ्यास कानांवर. एकदा ऐकलं की तिच्या डोक्यात कोरलं जायचं. मी भराभर वाचायची, कंटाळा आला की एखादा परिच्छेद गाळायची. तू गाळायची नाहीस. तळटीपासुद्धा वाचायचीस. मी अर्ध्या तासाच्या जागी पूर्ण तासाची सही घ्यायची. तुझी डायरी मात्र कोरी, कारण सही घ्यायचं तुझ्या लक्षातच राहायचं नाही. "अगं, तास लिहून घे की," मी म्हणायची. "अरे यार, पुढच्या वेळी," तू म्हणायचीस.

मग ती जानेवारीतली संक्रांत. दिल्लीतल्या मराठी मंडळाची बस दर संक्रांतीला पानिपतला जायची, अजूनही जाते. जिथं आपली एक अख्खी पिढी कापली गेली, तिथं काळ्या आंब्याच्या स्मारकापाशी उभं राहून डोकं टेकवायचं, तिळगूळ वाटायचा आणि परत यायचं. संतोषला घरी जायचंच होतं, म्हणून आपण तिला बसमध्ये घेतलं. कोपर्निकस मार्गावरच्या गेस्ट हाउससमोरून धुक्यातच निघालो. स्मारकापाशी काकालोकांची भाषणं झाली. माझ्या बाबांचा गळा दाटून आला, ते बघून माझाही आला. मग तास-दीड तास मोकळा होता, तेव्हा संतोष आपल्याला तिच्या घरी घेऊन गेली. तिची दादी बाजेवर ऊन खात बसली होती. पोरी मराठी आहेत असं कळल्यावर म्हातारी उठून बसली आणि म्हणाली, "अच्छा! तो तुम हो, जो म्हारे बैल खोल के ले गए थे."

तिनं आपल्याला चहा दिला, गूळ दिला आणि तिच्या आजीकडून ऐकलेली गोष्ट सांगितली. फौज आली, उभी शेतं कापून नेली, दावणीची जनावरं नेली. मग तीच फौज उपाशी पडली, तेव्हा गावांनी दारं लावून घेतली. आम्ही तुमच्यासाठी लढलो आणि तुम्ही बैलांचं काय घेऊन बसलात, असं जिभेच्या टोकावर आलं होतं. तू मात्र म्हणालीस, "दादी, फिर से सुनाओ ना." परत येताना बसमध्ये मी तुझ्याशेजारची जागा सोडून बाबांजवळ जाऊन बसले.

संतोषनं ती गोष्ट बोर्डाच्या परीक्षेसाठी तयार केलेल्या उत्तरात घातली. पानिपतच्या तिसऱ्या लढाईवर प्रश्न येणार हे नक्कीच होतं. होस्टेलच्या बाई म्हणाल्या, पुस्तकात आहे तेच लिही, उगाच मार्क जातील. मी म्हणाले, बाई बरोबर सांगताहेत. तू म्हणालीस, "तिला पटतं ते तिनं लिहावं, यार." संतोषनं तुझं ऐकलं. फेब्रुवारीभर ती तुला ते उत्तर म्हणून दाखवायची आणि तू तोंडपाठ असल्यासारखी ओठ हलवायचीस.

परीक्षेत अंध मुलींना लिहून द्यायला एक रायटर मिळायचा. नियम असा, की रायटर खालच्या वर्गातला हवा. तुझं अक्षर म्हणजे शाईत पडलेली माशी कागदावर चालून गेलेली. माझं अक्षर शाळेत पहिलं. म्हणून तिचा हात मी झाले.

काय झालं ते तुला शंभरदा सांगून झालंय, तरी परत सांगते, कारण प्रत्येक वेळी मी थोडं माझ्या बाजूनं सांगितलं. प्रश्न आला. संतोष पाठीचा कणा ताठ करून बसली आणि सांगू लागली. दुसऱ्याच वाक्याला माझं पेन थांबलं. समोर बाबांचा दाटलेला गळा, काळ्या आंब्यापाशी डोकं टेकवणारे काका. हे मी माझ्या हातानं लिहू? ती बोलत राहिली आणि मी भलतंच लिहीत गेले. मराठा वीर अंतिम साँस तक लड़े. दूर का प्रदेश, रसद की कमी, मित्रों का विश्वासघात. छान वळणदार अक्षरात, पुस्तकातल्यासारखं. दादी नाही, गाव नाही, बैल नाहीत. तिचं सांगून झालं. ती म्हणाली, "पढ़ के सुना."

आणि मी वाचून दाखवलं. कागदावरचं नाही. तिनं जे सांगितलं होतं ते, आठवून आठवून, शब्दाला शब्द. नजर कागदावर ठेवून. ती ऐकत होती आणि हसत होती. म्हणाली, "बढ़िया. आगे चल."

तू बाहेर थांबली होतीस; घरी जाताना बसमध्ये मी तुला टाळी द्यायला हात पुढे केला. "आज आपण पानिपत जिंकलं!" तू हात पुढे केला नाहीस. सगळं ऐकून घेतलंस. मग एवढंच विचारलंस, "लिहिलंस ते ठीक आहे, समज. पण वाचून काय दाखवलंस?" मी सांगितलं. तू उठलीस आणि घराच्या दोन स्टॉप आधी उतरून गेलीस. मी खिडकीतून हाका मारत राहिले.

दुसऱ्या दिवशी तू आलीस आणि म्हणालीस, तिला सांग. मी म्हणाले, निकाल लागू दे. आपण दोघींनी मिळून ठरवलेली ही शेवटची तारीख. कारण निकाल लागला आणि इतिहासात संतोष होस्टेलमध्ये पहिली आली. पानिपतहून तिनं कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं कार्ड आलं, दोघींच्या नावे. त्यात एकच ओळ होती. "दादी पास हो गई."

आता सांग, ते कार्ड हातात धरून मी कुठल्या तोंडानं सांगणार होते? त्या मार्कांच्या जोरावर तिनं इतिहास घेऊन बी.ए. केलं, मग एम.ए., मग इतिहासाची मास्तरीण झाली. "मेरी दादी की बात बोर्ड ने मानी," हे ती वर्गावर पहिल्या दिवशी मुलांना सांगायची, असं तूच मला सांगितलंस. तिला बी.ए.ची पुस्तकं वाचून दाखवायला दर रविवारी दोन बसा बदलून जाणारी तूच होतीस. मी अकरावीच्या त्या वर्षी शाळेच्या प्रार्थनेत उत्कृष्ट समाजसेवेचं सर्टिफिकेट घेतलं, डायरीतले तास भरले होते ना. तू कोरी डायरी घेऊन समोर उभी होतीस आणि टाळ्या वाजवत होतीस. त्या टाळ्या मला अजून ऐकू येतात.

मग दर संक्रांतीला तुझा फोन. लोक म्हणतात, तिळगूळ घ्या, गोड बोला. तू म्हणायचीस, "तिळगूळ घे, खरं बोल. सांगितलंस?" मी म्हणायची, "पुढच्या वर्षी." कधी हसण्यावारी न्यायची, कधी चिडायची. एकदा तर तोंड सोडलं: माझ्यामुळे पोरीचं भलं झालं, दादीचं उत्तर लिहिलं असतं तर नापास झाली असती, मग कुठली मास्तरीण! तू शांतपणे म्हणालीस, "झाली असती तर तिच्या उत्तरानं झाली असती, वसू. तू तिला बिचारीला तेवढंही दिलं नाहीस." त्यावर आपण अकरा महिने बोललो नाही. नाताळच्या करंज्या घेऊन तूच आलीस. मी विचारलं, एवढं आहे तर तूच का नाही सांगून टाकत? तू म्हणालीस, "ते माझं नाही सांगायचं." मला तेव्हा हा तुझा साळसूद शिष्टपणा वाटला. खरं सांगते, कित्येकदा मला तुझा राग आला. तुझ्या चांगुलपणाचा आला.

आणि तरी, माझ्या डोळ्याचा पडदा सुटला तेव्हा कोण आलं गं? ऑपरेशन झालं, दहा दिवस पालथं पडून राहायचं, डोळे उघडायचे नाहीत. तू शाळा सुटली की रोज यायचीस, खुर्ची पलंगाजवळ ओढायचीस आणि पेपर वाचायचीस. मी म्हणायची, ते अपघाताचं नको वाचू, ते मरणाचं सोड. तू वाचायचीस. "छापलंय तर वाचणार." मी अंधारात पडून तुझ्या आवाजाला धरून होते. चौथ्या का पाचव्या दिवशी मला एकाएकी कळलं, की तू आत्ता काहीही वाचलंस तरी मला खरं मानावं लागेल. दुसरा इलाजच नाही. उशीत तोंड खुपसून मी ओक्साबोक्शी रडले. तुला वाटलं डोळा दुखतोय, तू डॉक्टरला फोन लावायला उठलीस. तेव्हा तरी मी तुला सांगायला हवं होतं, की रूथ, मला समजलं. नाही सांगितलं. तुझ्यापुढे हार मानायची सवयच नव्हती मला. हे न सांगितलेलं आता मला जन्मभर पुरेल.

तुझ्या डोक्यात गाठ निघाली आणि उजवा हात गेला. मी रोज येऊन बसायची. तुझी कामं मीच लिहायची: बँकेचा अर्ज, लेकीच्या ऑफिसला पत्र. तू सांगायचीस, मी लिहायची आणि परत वाचून दाखवायची, शब्दाला शब्द. एकदा वाचून झाल्यावर तू नुसती हसलीस. मला तिथून पळून जावंसं वाटलं. शेवटच्या आठवड्यात तू उशीखालून तो कागद काढलास. "संतोषला वाचून दाखव. मी गेल्यावर. आधी उघडायचा नाही." मी विचारलं, काय लिहिलंयस? तू म्हणालीस, "पेपर फोडायचा नसतो, यार." तुझ्या गळ्यात पडून रडायचं सोडून मी तुझ्यावर खेकसले, की असलं अभद्र बोलू नकोस. ते आपलं शेवटचं धड बोलणं. दुसऱ्या दिवसापासून तुझी शुद्ध गेली.

मी उघडला नाही, रूथ. एवढं एक तुझं ऐकलं.

संतोष थकली आहे. केस पांढरे, पण पाठीचा कणा तसाच ताठ. रिटायर होऊन दोन वर्षं झाली. दोघी आधी तुझ्यासाठी रडलो. मग तिनं डोळे पुसले, चहा मागवला आणि म्हणाली, "रूथ ने क्या भेजा है?"

"चिट्ठी है."

"पढ़ के सुना."

मी कागद उघडला. डाव्या हाताची अक्षरं, आधीच तुझं अक्षर ते तसलं, ओळी घसरत कोपऱ्यात गेलेल्या. मला वाटलं होतं तू तिचा निरोप घेतला असशील. पण त्यात ना संतोषचं नाव होतं, ना माझं, ना तुझं. मी वाचायला लागले. "मराठे अब्दाली से बाद में हारे, पहले हमारे गाँवों से हारे. उन्होंने हमारे खेत काटे, हमारे बैल खोले..." माझा आवाज फुटला. आणि संतोष पुढचं म्हणू लागली, कप हातात धरून, चाळीस वर्षांपूर्वीचं, एका शब्दाचा फरक नाही. "जब उन्हें भूख लगी तो किसी ने दरवाज़ा नहीं खोला. मेरी दादी कहती है, जिस फौज को गाँव की रोटी नहीं मिलती, वह फौज खड़े-खड़े मर जाती है."

मग ती हसली. "ये तो मेरा जवाब है! रूथ ने ये क्यूँ लिख भेजा?"

तू माझ्याबद्दल एक शब्द लिहिला नव्हतास. मी म्हटलं असतं, तुझी आठवण म्हणून लिहिलं असेल, तर तिनं मानलं असतं. तू मला पळायला दार उघडं ठेवून गेली होतीस. कागद माझ्या हातात, ती समोर ऐकायला बसलेली. अगदी त्या दिवशीसारखं.

मी सांगितलं. सगळं. काय लिहिलं ते आणि काय वाचून दाखवलं तेही.

बाहेर कुणाच्या तरी मागाचा खटखट आवाज येत होता. मग संतोष हळूच म्हणाली, "तो दादी का पेपर किसी ने जाँचा ही नहीं." मला वाटलं ती ओरडेल, शिव्या देईल. तिनं हात पुढे केला. मी कागद दिला. तिनं चाचपून त्याची घडी घातली, ओढणीच्या पदरात बांधली आणि म्हणाली, "तेरी गाड़ी का टाइम हो गया होगा." दारापर्यंत आली नाही.

गाडीत दिल्लीपर्यंत मी उभीच होते, जागा असून. मला काय वाटायला हवं होतं? ओझं उतरलं वगैरे म्हणतात. काही उतरलं नाही गं. चाळीस वर्षं मला वाटायचं, सांगितलं की एक माणूस गमवावं लागेल. आता दोघी गेल्या. तिचा राग मी सोसेन, तो माझ्या हक्काचा आहे. पण घरी येऊन दाराला किल्ली लावताना मला फक्त एकच हवं होतं. तुला फोन करायचा होता. तू भडाभडा बोलणारी नव्हेस, कौतुक तर मुळीच करणार नव्हतीस. "अच्छा," एवढंच म्हणाली असतीस आणि मग विषय बदलून, जेवलीस का म्हणून विचारलं असतंस.

जेवले नाही, रूथ.

संक्रांतीला अजून चार महिने आहेत. मी तीळ आणीन, गूळ आणीन, वड्या पाडीन आणि फोनजवळ बसेन, मला माहीत आहे, वेड्यासारखी. एकदा विचार ना गं. या वर्षी माझ्याकडे उत्तर आहे.